कच्चा खर्डा

विजयदुर्ग किल्ल्याच्या तटावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले असता जे दगडी ओटे दृष्टीस पडतात त्यांना गावात ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, आणि १८ ऑगस्ट १८६८ रोजी लागलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाने ह्याच ओट्यांवर दुर्बीण रोवून हेलियम वायूचा शोध लावला, अशी गावकऱ्यांची दृढ समजूत आहे. वस्तुस्थिती एवढीच की ग्रहणाची छाया ह्या किनाऱ्यावरून गेली हे खरे; पण लॉकियरसाहेब त्या दिवशी स्वदेशीच होते, त्यांनी आपले निरीक्षण नंतर ऑक्टोबरात तिकडूनच केले, आणि ग्रहणाच्या दिवशी ज्यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला ते फ्रेंच पंडित जान्सेन गुंटूर येथे तळ देऊन राहिले होते. तथापि दर वर्षी त्या तारखेला शाळेतील मुले किल्ल्यावर जमतात, कोणी गुरुजी त्यांना सूर्य, वायू आणि दुर्बीण ह्यांविषयी दोन शब्द सांगतात, आणि एका चुकीच्या आख्यायिकेच्या निमित्ताने का होईना, पण विज्ञानाचे नाव त्यांच्या कानी पडते, म्हणून त्या आख्यायिकेशी भांडण उकरून काढण्याची मला फारशी हौस नाही.

मला त्या सालाचे कौतुक वाटते ते निराळ्याच कारणासाठी. त्याच १८६८ साली, विजयदुर्गाच्या उत्तरेस असलेल्या रत्नागिरीच्या हायस्कुलाशी ज्यांचे नाव निगडित होते, त्या मालवणात जन्मलेल्या एका तरुण मुख्याध्यापकाचे एक क्रमिक पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि शाळेतून कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्या पुस्तकाच्या आधाराने अलीकडच्या तीरावरून पलीकडच्या तीराला पोहोचल्या. त्याच्या स्मरणार्थ कोणी ओटा बांधला नाही. त्या पुस्तकाकडे आपण पुढे वळूच; पण तत्पूर्वी एका शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण माझ्या मते ह्या सबंध इतिहासाची किल्ली त्या शब्दात आहे.

शाळेतून उत्तीर्ण होऊन कॉलेजात गेलेला आणि तेथे गोंधळून गेलेला जो विद्यार्थी, त्याच्यासंबंधी प्राध्यापकांच्या तोंडी हमखास येणारे वाक्य म्हणजे ‘पाया कच्चा आहे’ हे होय. ‘कच्चा’ हा शब्द येथे निकालपत्रासारखा वापरला जातो. तो उच्चारला की बोलणाऱ्याची जबाबदारी संपते आणि ऐकणाऱ्याची मान खाली जाते. परंतु मराठी दप्तरात ह्या शब्दाचा अर्थ असा नव्हता. तेथे कच्चा खर्डा असे आणि पक्का कागद असे. कच्ची वही असे आणि पक्की कीर्द-खतावणी असे. आणि कच्च्यावाचून पक्के होऊच शकत नाही, हे ज्या कारकुनाला कळत नव्हते त्याला कोणी फडावर बसू दिले नसते.

विजयदुर्गाला हा दप्तरी अर्थ परका नव्हता. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून आणि वॉटसन व क्लाइव्ह ह्यांच्या हाताखालील इंग्रजी आरमार समुद्रावरून चालून आले, तुळाजी आंग्र्यांची सत्ता बुडाली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच किल्ला पेशव्यांकडे येऊन येथे सुभा आरमाराचे ठाणे बसले. आनंदराव धुळपांच्या अमदानीत ह्या ठाण्याचा लौकिक मोठा होता आणि त्यांचा वाडा गावात आजही दाखवतात. आरमार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिडे, तोफा आणि तलवारी येतात. परंतु ज्या ठाण्याला लाकूड, दोर, डांबर, दारूगोळा, खलाशांचा रोजमुरा, धरून आणलेल्या गलबतांवरील मालाची मोजदाद आणि पुण्याच्या हुजूर दप्तराशी होणारा पत्रव्यवहार ह्यांचा हिशेब ठेवावा लागे, त्या ठाण्याला जितकी तांडेलांची तितकीच लेखणीबहाद्दरांची गरज होती, आणि हे लेखणीबहाद्दर आकाशातून पडत नव्हते.

ते घडत कसे, हे पाहण्यासारखे आहे. खेड्यातील पंतोजीच्या शाळेत मुलगा धूळपाटीवर अक्षरे गिरवी, बोरूने कित्ता घोटी, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे उजळणीत म्हणे, आणि येथे त्याचे शिक्षण संपे. पण तेवढ्यावर तो कारकून होत नसे. पंतोजीच्या शाळेतील स्वच्छ, सुटे, वळणदार अक्षर आणि फडावरील धावती, लपेटदार मोडी ह्यांत एवढे अंतर असे की शाळेत हुशार ठरलेल्या मुलाला दप्तरातील रुमाल सोडल्यावर पहिल्या ओळीतच अडखळायला होई. कोणत्या पदाच्या माणसाला कोणता मायना लिहावा, सुहूर सन कसा काढावा, कोणती रक्कम कोणत्या बाबीखाली घालावी, हे शाळेत कोणी शिकवीत नव्हते. ही मधली दरी भरून काढण्यासाठी जो रिवाज होता त्याचे नाव उमेदवारी. उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला. त्याला वेतन नसे, किंवा असलेच तर पोटापुरते. तो जुन्या कारकुनाच्या शेजारी बैठकीवर बसे, आरंभी शाई करी, बोरू तासून देई, रुमाल बांधी, मग नकला करी, नंतर त्याच्याकडून कच्चा खर्डा लिहवून घेत, त्या खर्ड्यावर जुना कारकून कमीजास्त करी, आणि दुरुस्त झालेला मजकूर तोच पोरगा पुन्हा स्वच्छ उतरून काढी. चुकलेल्या खर्ड्याबद्दल त्याला बोलणी बसत नसत असे मी म्हणणार नाही, कान पिळलाही जात असेल. परंतु खर्डा चुकणारच हे गृहीत धरूनच तर त्याला खर्डा म्हणत.

समुद्रावरचा प्रकारही थोडाफार असाच होता. गाबिताचे पोर गलबतावर प्रथम चढे ते सुकाणू धरायला नव्हे. चूल पेटवायला, भात शिजवायला आणि पाणी उपसायला. वाऱ्याची दिशा, खाजणाची खोली, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण हे त्याला कोणी पाठ म्हणून दाखवीत नसे. ते त्याच्या अंगात भिनत जाई, आणि पुष्कळ पावसाळे उलटल्यावर एक दिवस तांडेल त्याच्या हाती सुकाणू देई.

ह्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. उमेदवारी ज्याच्या वाट्याला येई त्याची जात, त्याचे गोत आणि त्याच्या मामाची ओळख आधी ठरलेली असे. गाबिताच्या पोराला फडावर आणि महाराच्या पोराला पंतोजीच्या ओसरीवर जागा नव्हती, आणि मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. दरी ओलांडून देणारी ही होडी होती खरी, परंतु तिच्यात कोणी बसायचे हे काठावरच ठरत असे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, किल्ला इंग्रजांकडे आला, सुभा आरमाराचा थाट मोडला आणि लिहिणारी घराणी मामलेदार कचेऱ्यांकडे वळली. ह्याच कचेऱ्यांच्या आश्रयाने ह्या किनाऱ्यावरील एका कारकुनाच्या मुलाचे नशीब उघडले. ६ जुलै १८३७ रोजी मालवणात जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या वडिलांची बदली १८४७ मध्ये रत्नागिरीस झाली, म्हणून मुलाला तेथील इंग्रजी शाळा मिळाली. ती बदली झाली नसती, तर डॉ. भांडारकर हे नाव आपण ऐकले असते की नाही कोण जाणे. १८५३ मध्ये ते मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. चार वर्षांनी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्या विद्यापीठाने पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे पुढे जिला सारा महाराष्ट्र मॅट्रिक म्हणून ओळखू लागला ती, घेतली. तीस १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्या बावीसांत भांडारकर होते, महादेव गोविंद रानडे होते. आणि ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की ही मंडळी परीक्षेच्या आधीपासूनच उच्च शिक्षण घेत होती. अर्थात प्रवेशद्वार बांधले गेले तेव्हा ते आतच होते, आणि दार बाहेरच्यांसाठी बंद झाले.

‘उमेदवार’ हा शब्द मात्र टिकला, पण त्याचा आशय फिरला. पूर्वी जो शेजारी बसून शिके तो उमेदवार; आता जो तीन तास एकटा बसून प्रश्नपत्रिका सोडवी तो उमेदवार झाला. शेजारचा जुना कारकून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी निकालाचा तक्ता आला. विद्यापीठाने जी व्यवस्था उभी केली तिच्यात गुणांची पारख होती, आणि ती जातीच्या नि ओळखीच्या पारखीपेक्षा शतपट न्याय्य होती. तरी खर्ड्यावर कमीजास्त करण्यासाठी कोणी नेमलेला नव्हता.

भांडारकरांना ही उणीव जाणवली असावी असे मानायला जागा आहे, कारण त्यांनी स्वतः संस्कृताचा अभ्यास हाती घेतला तोच उशिरा, दक्षिणा फेलो झाल्यावर. बालपणी वेदशाळेत घोकलेल्या पंडितांच्या तुलनेने तेही एके काळी कच्चेच होते. हे दक्षिणा फेलोचे पदही मोठे अर्थपूर्ण आहे. श्रावण मासात पेशवे जी दक्षिणा ब्राह्मणांना वाटीत, तिच्याच रकमेतून इंग्रजी अमदानीत नव्या तरुण विद्वानांना वेतन देण्यात येऊ लागले, आणि त्यांनी स्वतः शिकत असतानाच आपल्याहून खालच्या वर्गांतील मुलांना शिकवावे अशी योजना झाली. नुकताच खाडी ओलांडून आलेला माणूसच मागून येणाऱ्याला पाण्याची खोली नेमकी सांगू शकतो. प्राध्यापक होऊन वीस वर्षे झालेल्याला आपणही एकदा भिजलो होतो ह्याचा विसर पडलेला असतो.

सिंधमधील हैदराबादेहून भांडारकर १८६५ मध्ये रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून आले. त्या सुमारास विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून मराठीस रजा दिली होती आणि संस्कृतादी अभिजात भाषांना मानाचे स्थान दिले होते. म्हणजे रत्नागिरीच्या, मालवणच्या, विजयदुर्गाच्या मुलाने ज्या भाषेत विचार करायचा ती दाराबाहेर, आणि ज्या दोन भाषांत परीक्षा द्यायची त्या दोन्ही त्याला नवख्या, अशी अवस्था झाली. जुन्या पद्धतीने अमरकोश, रूपावली आणि कौमुदी ह्यांच्या मार्गाने जायचे तर बारा वर्षे हवीत. कॉलेजला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाजवळ दोन-तीनच वर्षे. अशा स्थितीत भांडारकरांनी दोन पुस्तके सिद्ध केली. पहिल्याचे नाव ‘मार्गोपदेशिका’, आणि १८६८ मध्ये निघालेल्या दुसऱ्याचे ‘संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका’. एका धड्यात थोडेसे व्याकरण, मोजके शब्द, काही वाक्ये संस्कृतातून इंग्रजीत आणि काही इंग्रजीतून संस्कृतात, आणि लगेच पुढचा धडा. असा तो क्रम होता. आज हे सर्व आपल्याला सामान्य वाटते. पण संस्कृताच्या अभ्यासात विद्यार्थी आरंभीच्या दिवसांत वाक्य रचील, ते चुकेल, आणि चुकता चुकता शिकेल, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारकच म्हणावी लागेल. दुसऱ्या पुस्तकाच्या त्या लांबलचक नावातील ‘अन्तः’ ह्या अक्षरांपाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. देवळाच्या पायरीपर्यंत पुष्कळजण नेऊन सोडतात. भांडारकरांनी गाभाऱ्यापर्यंत सोबत करण्याचे पत्करले होते. पुढे इंग्रजीच्या बाबतीत हेच काम तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांत केले, आणि तिची सुटलेली पाने शिवून शिवून धाकट्या भावंडांना देण्याचा प्रघात माझ्या पिढीपर्यंत चालू होता.

परंतु पुस्तक हाती असूनही माणूस दारापर्यंत पोहोचायला हवा. कोकणच्या मुलाच्या वाटेत दऱ्याडोंगर होते ते उपमेतले नव्हते. महर्षी कर्व्यांची हकीकत सुपरिचित आहे: मुरूडचा हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा भर पावसाळ्यात शंभराहून अधिक मैल पायी चालून, घाट चढून, परीक्षेसाठी साताऱ्यास गेला, आणि वय लहान दिसते एवढ्या सबबीवर समितीने त्याला परीक्षेस बसूच दिले नाही. तो आल्या वाटेने परत आला. पुढे त्याने ती परीक्षा दिली, मॅट्रिक झाला, पदवीधर झाला आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागला, म्हणून आपण ती कथा कौतुकाने सांगतो; त्याच सबबीवर परतलेल्या आणि पुन्हा कधीही घाट न चढलेल्या मुलांची कथा सांगायला कोणी राहिले नाही.

विजयदुर्गाच्या मुलाची अडचण आणखी चमत्कारिक होती. मुंबईस जाण्याचा त्याचा राजमार्ग समुद्र. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या आगबोटी रत्नागिरी, जैतापूर करीत विजयदुर्गास लागत आणि पुढे देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे जात. किनाऱ्यावरून पडावात बसून बोटीपाशी जायचे, हलत्या शिडीने वर चढायचे, वळकटी आणि पत्र्याची पेटी सांभाळत डेकवर जागा धरायची, की दुसऱ्या दिवशी मुंबई. पण पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमा उलटून समुद्र निवल्यावर पुन्हा सुरू होत. आणि कॉलेजे उघडत ती जूनच्या विसाव्या तारखेच्या सुमारास! ज्या दिवशी दार उघडायचे त्याच दिवसांत वाट बंद, असा हा योग. ज्याचे मुंबईत कोणी असे तो मे महिन्यातील शेवटच्या बोटीने निकालाआधीच निघून जाई. ज्याचे कोणी नसे त्याला निकाल कळल्यावर खाडीने वाघोटण, तेथून खारेपाटण, फोंडाघाट, कोल्हापूर आणि मग आगगाडी असा द्राविडी प्राणायाम करावा लागे, आणि एवढे करून तो वर्गात जाऊन बसे तेव्हा पहिले पंधरा दिवस उलटलेले असत. ह्या पंधरा दिवसांना मी फार महत्त्व देतो. कोणता विषय घ्यावा, सवलतीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा, ग्रंथालयाचे कार्ड कसे मिळवावे, व्याख्यान चालू असताना टिपणे कशी घ्यावीत, हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते आणि ते पहिल्या पंधरवड्यात आपोआप कानावर पडते. ज्याचा पंधरवडा चुकला, तो बहुधा वर्षभर चुकत राही, आणि परीक्षेचा निकाल लागल्यावर ‘पाया कच्चा’ हा शेरा त्याच्या बुद्धीवर बसे. बोटीच्या वेळापत्रकावर नव्हे.

ही उणीव समाजाने आपल्या परीने भरून काढली. पुण्यात ब्राह्मण विद्यार्थ्यांना वार लावून जेवण्याची सोय होती, आणि आठवड्याच्या सात घरांपैकी एखाद्या घरचा यजमान अभ्यासाचीही चौकशी करी. मराठे, भंडारी, गाबीत मुलांना ती सोय नव्हती. त्यांच्यासाठी गिरणगावातील गावकीच्या खोल्या होत्या. लालबाग-परळच्या चाळीत एकेका गावच्या मंडळाने एकेक खोली घेतलेली असे, पंधरा-वीस चाकरमानी पाळीपाळीने तेथे झोपत, खाणावळीत जेवत, आणि त्यांच्यातच एखादा पोरगा दिवसा गिरणीत किंवा पेढीवर काम करून रात्री शिकत असे. ना. म. जोशी ह्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत ज्या रात्रशाळा चालवल्या त्यांचा आधार अशांनाच झाला. खोलीतील दिव्याखाली बसलेल्या त्या पोराला मॅट्रिकचे गणित सांगू शकेल असा कोणी खोलीत नसे. पण तो वाचत असता रेडिओ लावू नये, एवढे सौजन्य निरक्षर गावकरीही पाळीत असत.

कधी कधी एकटा माणूसही पुरेसा होई. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईस विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी वाचत बसत, आणि तेथेच शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्याची त्यांनी विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली; १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सीताराम केशव बोले ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अभिनंदनाच्या सभेत केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले; आणि इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा त्याला घेऊन ते सयाजीराव गायकवाडांकडे गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली हे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु महाराजांचा वाडा कोणत्या दिशेला आहे, तेथे कोणत्या वेळी जावे आणि काय बोलावे, हे ज्याला ठाऊक होते आणि जो सोबत चालत गेला, तो केळूसचा मास्तर माझ्या मते ह्या इतिहासातील मोठाच पुरुष आहे.

मॅट्रिकची ती सभा होऊन चाळीस वर्षे व्हायला आली असता, २० जून १९४६ रोजी, आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले. आरंभी ते लष्कराच्या रिकाम्या बराकींत भरे. त्याचे वैशिष्ट्य असे की तेथील वर्ग सकाळी लवकर भरत, जेणेकरून कचेरीत, पेढीवर किंवा दुकानात नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता यावे. अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील जोलिएट गावी १९०१ मध्ये जे पहिले ज्युनियर कॉलेज निघाले, त्यातून पुढे तिकडे गावोगाव समाजमहाविद्यालयांची जी परंपरा वाढली, तिच्या मुळाशी हाच साधा विचार होता की विद्यार्थ्याने कॉलेजच्या सोयीने जगावे ह्यापेक्षा कॉलेजने विद्यार्थ्याच्या जगण्याची सोय पाहावी. आंबेडकर कोलंबियात शिकलेले होते. तरी सकाळच्या वर्गांची कल्पना त्यांना अमेरिकेतून आणावी लागली असेल असे मला वाटत नाही. ती परळच्या चाळीत, जेथे त्यांनी स्वतः पहाटे उठून अभ्यास केला होता, तेथे तयारच होती.

रत्नागिरीस १९४५ मध्ये कॉलेज निघाले, ज्याला पुढे गोगटे ह्यांचे नाव मिळाले. सावंतवाडीस १९६१ मध्ये श्री पंचम खेमराज महाविद्यालय उघडले. समुद्राचा अडसर संपत चालला. ह्याच सुमारास शासनाने वर्षाला १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांची फी माफ केली, त्यामुळे देवगडच्या कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बापामागे उभ्या राहिलेल्या मुलांची रांग लागली. ज्या कचेरीत पूर्वी उमेदवार म्हणून बसायचे तेथे आता अर्जदार म्हणून उभे राहायचे, एवढाच फरक. पण पैसा आणि अंतर ह्या दोन अडचणी हटल्या तशी तिसरी उघडी पडली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपासून होऊ लागला होता, आणि त्या पिढीतील मुलगा चार वर्षांच्या इंग्रजीवर अकरावी होऊन कॉलेजात जाई तेव्हा तेथील अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, रसायन सारेच त्या भाषेत चाले. ‘सर काय सांगतत ता कळना नाय’ हे मालवणी वाक्य वसतिगृहाच्या भिंतींनी जितक्या वेळा ऐकले असेल तितके कोणतेही इंग्रजी सुभाषित ऐकले नसेल. मातृभाषेतून शालेय शिक्षण हे धोरण मला आजही योग्य वाटते. दोष होता तो असा की शाळेची भाषा ठरवणारे आणि कॉलेजची भाषा ठरवणारे एकमेकांशी बोलले नाहीत, आणि त्या दोघांच्या मौनाचा दंड मुलाने भरला.

१९७५ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन अशी नवी घडी बसली आणि ‘कनिष्ठ महाविद्यालय’ हा शब्द मराठीत रुळला. जुनी प्रीव्हियस, इंटर, प्री-डिग्री ही नावे लोपली. ज्युनियर कॉलेज हे नाव अमेरिकेतले, पण आपल्याकडे ते बहुधा हायस्कुलाच्याच इमारतीला एक मजला चढवून उभे राहिले. ह्यात कोणी उणेपणा पाहतात, मला त्यात शहाणपणही दिसते, कारण सोळा वर्षांच्या मुलीला परक्या गावी न पाठवता दोन वर्षे मिळाली, आणि विजयदुर्गाच्या पंचक्रोशीतील मुली मोठ्या संख्येने पुढे शिकू लागल्या त्या तेव्हापासून. नापास विषय गळ्यात घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची एटीकेटी नावाची सवलतही रूढ झाली. तिची चेष्टा फार होते. पण खेळात लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून आपण घेतोच. तो बाद झाला तरी बाद धरत नाही, आणि पुढच्या सुट्टीत तोच पोर सर्वांवर राज्य देतो. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तर बारावी नसलेल्या प्रौढांसाठी ‘पूर्वतयारी’ ह्याच नावाचा शिक्षणक्रम काढला, आणि ज्याला कॉलेजे कच्चेपणा म्हणत होती तो एक टप्पा आहे हे विद्यापीठाच्या पातळीवर प्रथमच कागदावर आले.

आज कोकण विभागीय मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल राज्यात वरचढ लागतो, वर्तमानपत्रे कोकणच्या मुलांचे अभिनंदन करतात, आणि तीच मुले पदवीच्या पहिल्या वर्षात शहरातील वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतात. गुण त्यांच्याजवळ आहेत. त्यांच्या शेजारी बसणारा कारकून नाही.

गेल्या जून महिन्यात शेजारच्या एका मुलीच्या प्रवेशासाठी तिच्या आईबरोबर मीही एका कॉलेजच्या कचेरीत गेलो होतो. तिच्या घरात त्या पायरीवर पोहोचलेली ती पहिलीच. पावसाची झड आत येत होती, खिडकीपाशी गर्दी होती, आणि तिच्या हातात चार पानांचा कोरा अर्ज होता, ज्यातील निम्म्या रकान्यांचा अर्थ तिला कळत नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. तिने पेनाचे टोपण काढलेले पाहून खिडकीमागचा वयस्क कारकून उठला, बाहेर आला, तिच्या हातातून अर्ज घेतला आणि म्हणाला, “बाय, पयला ह्येची झेरॉक्स काढ. तिच्यावर कच्चा भर आणि माका दाखव. मगे आपण पक्को भरूया.”

आम्ही छत्री उघडून झेरॉक्सच्या दुकानाकडे निघालो.